बोर्ड ओळखावा कडेवरून

दुकानं, दवाखाने, क्लासेस, अभ्यासिका, बँकांच्या शाखा यांचं फर्निचर करून देणं हा माझा धंदा. बहुतेक काम पुण्यात, थोडं कोकणात. मी या कामाला लागले तेव्हा मिस्त्री फक्त प्लायला किंमत द्यायचे; लाकडाचे तंतू दाबून केलेला एमडीएफ त्यांच्या लेखी पुठ्ठा होता. आता त्याच जातीचा पण जास्त घट्ट एचडीएफ आणि दमट हवेसाठी केलेला एचडीएचएमआर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात प्लायच्या थप्पीशेजारी उभा असतो, आणि पूर्वी नाकं मुरडणारे मिस्त्रीच ‘मॅडम, याला फिनिश चांगलं येतं’ म्हणून तो पुढे करतात. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. हा बोर्ड कुठे टिकतो आणि कुठे मान टाकतो, ते जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच्या कडेशी ठरतं.

१. दुकानदार पृष्ठभाग दाखवतो. आपण कड मागावी.

लाकडाचे तुकडे वाफेवर मऊ करायचे, फिरत्या चकत्यांमध्ये भरडून त्यांचे तंतू मोकळे करायचे, त्यात राळ मिसळायची, त्याची जाड गादी अंथरायची आणि ती गरम प्रेसखाली दाबायची, अशी हा बोर्ड बनवायची रीत आहे. उष्णता आधी वरच्या आणि खालच्या थराला लागते, म्हणून ते थर जास्त घट्ट बसतात आणि मधला भाग त्या मानानं सैल राहतो. बाहेर कडक पापुद्रा आणि आत मऊ, अशी भाकरीसारखी रचना. साध्या एमडीएफमध्ये हा फरक बराच असतो, चांगल्या एचडीएफमध्ये कमी. पण पृष्ठभाग दोन्हींचा सारखाच गुळगुळीत दिसतो. त्यावरून हात फिरवून ‘माल चांगला आहे’ म्हणणाऱ्या ग्राहकाला मी हळूच बाजूला घेते.

कापलेली पट्टी मागावी आणि तिच्या कडेच्या बरोबर मध्यावर नखानं जोरात ओरखडा काढावा. भुगा सुटला तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. दुसरी परीक्षा वजनाची. एमडीएफची घनता घनमीटरला साधारण ६५० ते ८०० किलो, त्यापुढे एचडीएफ. बाजारातला बरा एचडीएचएमआर ८५० च्या आसपास असतो. म्हणजे १८ मिमी जाडीचा, एक फूट लांब आणि एक फूट रुंद तुकडा साधारण १ किलो ४०० ग्रॅम भरायला हवा. तो १ किलो ३०० च्या खाली आला, तर बिलावर काहीही छापलेलं असो, तो एचडीएफ नव्हे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या कामाला पुरतो. माझ्या गाडीत एक कायम असतो.

२. हिरवा रंग पाणी अडवत नाही.

ओलावा सोसणाऱ्या बोर्डात हिरवा रंग टाकायचा एक रिवाज आहे. काम करते ती राळ. साध्या युरिया-फॉर्माल्डिहाइडमध्ये मेलामाइन घातलं की तंतूंमधला जोड दमट हवेत लवकर सुटत नाही. रंग नुसता ओळखीसाठी, आणि तो कुणालाही मिसळता येतो. म्हणून नवा माल आला की त्याचा तुकडा मी रात्रभर बादलीत बुडवून ठेवते, आधी आणि नंतर कडेची जाडी व्हर्निअरनं मोजते. ओला तुकडा सगळ्यांचाच थोडा फुगतो. किती फुगला ते बघायचं, आणि वाळल्यावर तो परत बसत नाही हे ग्राहकाला हातात देऊन दाखवायचं. प्रेसखाली दाबून बसवलेले तंतू एकदा मोकळे झाले की त्यांना पुन्हा दाबणारं कुणी नसतं.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. त्यानंतर तिथल्या एका औषध दुकानाचं काम माझ्याकडे आलं. भिंतीवर पाण्याची रेघ स्पष्ट होती, आणि तिच्याखालचं प्रत्येक कपाट फुगलेलं. साधा बोर्ड, हिरवा बोर्ड, महाग, स्वस्त, काही भेद राहिला नव्हता. कडेची पट्टी सुटलेली, लॅमिनेटला पोट आलेलं, खण जागच्या जागी अडकलेले. रेघेच्या वरच्या फळ्या मात्र ठणठणीत होत्या. आम्ही नवं दुकान करताना खालचे तीन फूट लोखंडी सांगाडा आणि कडप्पा असं घेतलं, आणि बोर्ड त्याच्या वर. २०२१ इतकं पाणी पुन्हा आलं तर तीन फुटांनी काही साधणार नाही, हे मालकांनाही ठाऊक होतं. पण मोठ्या पावसात उंबरा ओलांडून येणारं वीतभर पाणी आणि त्यानंतर नळी लावून दुकान धुणं, एवढ्याचा तरी बंदोबस्त झाला. ‘वॉटरप्रूफ बोर्ड लावून द्या’ असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, त्याचं मला बरं वाटलं. पुण्यातले ग्राहक दर आठवड्याला म्हणतात.

वॉश बेसिनखालचं कपाट, संडासाचं दार आणि दुकानाबाहेरची पाटी यांना मी हा बोर्ड लावत नाही. त्यावर चर्चाही करत नाही.

३. फरशी पुसणाऱ्या मावशी हा डिझाइनचा भाग आहे.

कॅटलॉगमधले फोटो ज्या देशांत काढलेले असतात, तिथे जमिनीवर व्हॅक्यूम फिरतो. आपल्याकडे सकाळी दुकान उघडलं की बादली, फिनाइल आणि गच्च ओला फडका. दुपारी पुन्हा एकदा. पावसाळ्यात कितीदा ते विचारूच नका.

लॅमिनेट फ्लोअरिंग म्हणजे आठ किंवा बारा मिमीचा एचडीएफ, त्यावर लाकडाचा छापील कागद आणि वर झिजेला तोंड देणारा पारदर्शक थर. १९७० च्या दशकाच्या शेवटी स्वीडनमध्ये हे निघालं. खोबणीत खोबण अडकवून, गोंदाशिवाय बसवायची पद्धत १९९० च्या दशकातली. दुकानदार विकताना एसी-३, एसी-४, एसी-५ असे दर्जे सांगतो आणि ग्राहकाला वाटतं, आकडा मोठा म्हणजे मजबुती मोठी. तो आकडा वरचा थर किती झिजेल एवढंच सांगतो. पाणी वरून जातच नाही, ते दोन फळ्यांमधल्या सांध्यातून जातं. आधी सांध्याच्या दोन्ही कडा केसभर वर येतात, मग तिथे चपला घासून कागद पांढरा पडतो, आणि वर्षाच्या आत एसी-५ चं दुकान जुनाट दिसायला लागतं.

म्हणून मी काम घेण्याआधी मालकाच्या आधी मावशींशी बोलते. किती वेळा पुसता, फडका पिळता की नाही, मॉप आहे का. लक्ष्मी रोडवर पावसात छत्री टपटपत गिऱ्हाईक आत येणार असेल तर दारापासून सहा-आठ फूट टाइल, आणि लाकडी दिसणारी जमीन त्याच्या पुढे. भिंतीकडेला आठ-दहा मिमी फट सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकायची. ही फट मिस्त्र्याला नेहमी चुकीची वाटते; तो ती मन लावून भरून टाकतो. मग दमट महिन्यात जमीन पसरते आणि मधोमध उचलली जाते.

कपाटांचंही तेच. बोर्ड जमिनीला टेकता कामा नये. खाली चार इंचांचे प्लास्टिकचे पाय, समोर ॲल्युमिनियमची किंवा ग्रॅनाइटची पट्टी. गल्ल्याचं काउंटर सुंदर होतं आणि तळाला फुगून उकलतं, कारण फडका रोज त्याच्या खालच्या कडेवरून फिरतो.

४. अभ्यासिकेनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या शोरूमनं नाही.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका बाहेरच्यांना कळणं अवघड आहे. जुन्या वाड्यातला किंवा इमारतीतला एक मजला, त्यात ओळीनं टेबलं, दोन टेबलांच्या मध्ये आडोसा, आणि प्रत्येक जागी स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा किंवा मुलगी, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत. फर्निचरचा इतका वापर बँकेतही होत नाही. बँक संध्याकाळी बंद होते.

इथे एचडीएफ मनापासून शोभतो. पृष्ठभाग सपाट, कागदाखाली टणक, पेन रुतत नाही. पॅनेल सॉवर एका मापाचे पन्नास तुकडे कापले तर पन्नासही एका मापाचे येतात; प्लायमध्ये कुठे थर पोकळ निघतो, कुठे फळी पिळलेली असते. जागा इंचाइंचानं मोजून घ्यायची असते तेव्हा हे सुख मोठं.

पण पहिल्या परीक्षेच्या हंगामात बघा. टेबलाच्या पुढच्या कडेवर मनगट आणि कोपर दिवसभर घासतात, घाम लागतो, आणि ०.८ मिमीची पातळ पट्टी सुटायला लागते. एकदा सुटली की मुलं विचार करता करता ती नखानं सोलतात. त्यामुळे पुढच्या कडेला २ मिमी पट्टी, कोपरे गोल केलेले, आणि पट्टी हातानं फेविकॉलनं न चिकटवता मशीनवर, गरम गोंदानं. ज्या कडा दिसत नाहीत त्यांनाही पट्टी हवीच, पातळ चालेल. मालक इथेच पैसे वाचवू बघतात.

पाण्याच्या बाटल्या हा दुसरा शत्रू. थंड बाटलीखाली पाणी साचतं, ते वायरसाठी पाडलेल्या भोकात जातं. भोकाची आतली कड ही कडच असते, फक्त गोल. तिच्याकडे कुणी बघत नाही. प्लास्टिकचं झाकण बसवण्याआधी आतून सीलरचे दोन हात मारून घ्यायचे. आडोशाला दप्तराचा हूक मुलं स्वतः ठोकतात. तुम्ही नाही लावलात तर ते लावतील, आणि बोर्डाच्या कडेत खिळा मारून लावतील. म्हणून हूक आधीच लावून द्यायचा, टेबलाखालच्या लोखंडी चौकटीला.

५. स्क्रू कडेत गेला की भाकरीच्या मऊ भागात गेला.

पृष्ठभागातून शिरलेला स्क्रू एचडीएफमध्ये छान धरतो. बिजागरीसाठी ३५ मिमीचं भोक कापलं तरी कुठे पाकळी उडत नाही. कडेतून शिरलेला मात्र मधल्या सैल थरात जातो आणि पाचरीचं काम करतो. बोर्ड पुस्तकासारखा उघडला की मिस्त्री बोर्डाला शिव्या देतो. दोष ड्रिलचा: भोक न पाडता, पूर्ण वेगात, निमुळता लाकडासाठीचा स्क्रू. आधी भोक हवंच. ७ मिमीचा जाड कन्फर्मॅट स्क्रू असेल तर कडेत ५ मिमीचं, कोपऱ्यापासून अडीच-तीन इंच आत. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा तेवढा धरत नाही. भाड्याच्या जागेतल्या दुकानाला तीन-चार वर्षांनी सामान हलवायचंच असतं. तिथे पहिल्या दिवसापासून मिनिफिक्स, म्हणजे सोडून पुन्हा जोडता येणारा जोड, घ्यावा.

६. जड बोर्ड वाकत नाही, हा गैरसमज आहे.

एचडीएफ प्लायपेक्षा जड असतो, पण धाग्याच्या दिशेनं घेतलेल्या चांगल्या प्लायपेक्षा जास्त वाकतो. सीएच्या ऑफिसात हे लवकर दिसतं. फायलींचं वजन फळीच्या दर फुटाला आठ-नऊ किलो सहज होतं. दोन फुटांची फळी तीन फुटांची केली आणि दर फुटाचं वजन तेवढंच ठेवलं, तरी वाक पाचपट होतो, कारण तो लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. वजन वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फळी हळूहळू आणखी बसत जाते, आणि फायली उतरवल्या तरी पूर्ण सरळ होत नाही. माझा नियम साधा आहे: १८ मिमीला दोन फूट, फार तर सव्वादोन. त्यापुढे मधे उभी फळी, नाहीतर पुढच्या कडेखाली दीड इंचाची उभी पट्टी. आर्किटेक्टला पट्टी आवडत नाही. वाकलेली फळी त्याहून कमी आवडते, पण ती बघायला तो तेव्हा साइटवर नसतो.

७. लॅमिनेट दोन्ही बाजूंना.

एकाच बाजूला लावलं तर पल्ला धनुष्य होतो. मागची बाजू दिसत नाही म्हणून तिथे स्वस्त लाइनर लावा, पण लावा.

८. ज्या कामासाठी तो जन्माला आला, ते काम त्याला द्यावं.

शाळेत परीक्षेला न्यायचं ते तपकिरी पॅड आठवा. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर जाळीचे ठसे. ओला लगदा जाळीवर ठेवून दाबला की पाणी जाळीतून निघून जातं आणि ठसे मागे राहतात. हा हार्डबोर्ड म्हणजे आजच्या एचडीएफचा पूर्वज. अमेरिकेत मिसिसिपीतल्या लॉरेल गावी विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये तो शोधून काढला. रेडिओची पाठ, फोटोफ्रेमची पाठ, ड्रॉवरचा तळ, सगळीकडे तोच असायचा. सपाट, पातळ आणि स्वस्त. आजही त्याच्या वंशजाला तिथेच ठेवलं की तो खूश असतो: तीन मिमीचे ठसा उठवलेले दाराचे पत्रे, कपाटाची पाठ, मोबाइलच्या दुकानातला आडव्या खाचांचा बोर्ड. त्या खाचांमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी मात्र पाहिजे. नाहीतर हूकाचं वजन खाचेच्या ओठावर येतं, आणि कव्हरं-चार्जरच्या ओझ्यानं तो ओठ तुटतो.

पीयू पेंटचे पल्ले आणि सीएनसीवर कापलेली जाळी या दोन कामांत त्याला तोड नाही. प्लायवर रंग दिला की काही महिन्यांत लाकडाच्या रेघा वर येतात, इथे रेघाच नाहीत. फक्त खोदलेल्या भागात मधला थर उघडा पडतो आणि रंग पिऊन टाकतो. तिथे सीलर, घासणं, पुन्हा सीलर. पेंटरला हे आधी सांगून, मजुरी ठरवून घ्यावी. नंतर भांडण ठरलेलं. जाळीचं डिझाइन करणारी मुलं स्क्रीनवर नाजूक वेली काढतात. दोन भोकांमधली पट्टी किमान बोर्डाच्या जाडीएवढी ठेवा, असं मी फाइलवरच लिहून पाठवते. दागिन्यांच्या दुकानातली जाळी कापताना तुटत नाही, दिवाळीच्या आधी पुसताना तुटते.

९. वजन आधी जिन्याला विचारावं.

१८ मिमीचा आठ बाय चार फुटांचा अख्खा बोर्ड ४५ किलोच्या आसपास भरतो. पेठेतल्या अरुंद जिन्यावर तो वळत नाही, आणि हमाल तो कोपऱ्यावर टेकवत नेतात. कोपरा चेपला की तुकडा वाया. मी कापून, पट्टी लावूनच माल वर चढवते. सात फूट उंच, दीड फूट रुंद पल्ला पंधरा किलोचा होतो, लॅमिनेट धरून आणखी जास्त. त्याला तीन बिजागऱ्या लावणं म्हणजे सहा महिन्यांनी परत यायचं आमंत्रण. मी पाच लावते.

१०. वास आणि धूळ हे मिस्त्र्याचे प्रश्न आधी, ग्राहकाचे नंतर.

राळेतून फॉर्माल्डिहाइड हळूहळू सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. लाकडाची धूळ त्या गटात त्याआधीपासून आहे. बोर्ड घेताना ई-१ किंवा त्याहून कडक दर्जा मागावा, आणि तो बोर्डावर छापलेला बघावा. वास सर्वांत जास्त कुठून येतो? उघड्या कडांमधून आणि न झाकलेल्या भोकांमधून. दवाखान्यात एसी लावून दारं बंद केल्यावर डोळे चुरचुरले तर कपाटाची पाठ ओढून बघा. बहुधा कच्ची सापडेल. काम संपल्यावर उद्घाटनाआधी खिडक्या उघड्या ठेवून पंखे चालू ठेवायचे. मुहूर्त जवळ असला की हे कुणी ऐकत नाही.

धुळीचं काय सांगू. एचडीएफची धूळ प्लायच्या भुशासारखी खाली पडत नाही, ती हवेत तरंगते. राजस्थानातून आलेली पोरं बंद खोलीत रुमाल बांधून कटर चालवतात. एन-९५ मास्क आणि सॉला जोडलेला व्हॅक्यूम यांचा खर्च मी बोर्डाच्या दरात धरते, वेगळा दाखवत नाही. वेगळा दाखवला की तोच आधी कापला जातो.

११. विजेच्या पेटीमागे बोर्ड नको.

घट्ट असला तरी तो जळणारच आहे. सैल जोडणीची वायर गरम होते ती बहुधा एमसीबीच्या पेटीत किंवा साइनबोर्डच्या ट्रान्सफॉर्मरजवळ. तिथे सिमेंटचा फायबर बोर्ड लावावा. बाहेर पडायच्या वाटेवरच्या भिंती या मालानं मढवू नयेत.

१२. उरलेल्या पट्ट्या जाळू द्यायच्या नाहीत.

साइटवर राहणारे कामगार तुकड्यांवर आंघोळीचं पाणी तापवतात, कधी डाळही शिजवतात. प्लायचे तुकडे जळतानाही वास येतोच, पण या बोर्डाच्या राळेचा धूर त्याहून वाईट. मोठ्या पट्ट्या मी पुढच्या कामात ड्रॉवरचे विभाजक म्हणून वापरते, मधल्या आकाराच्या पट्ट्या शाळांना प्रकल्पासाठी देते, बारीक तुकडे पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीला. आणि साइटवर गॅसची शेगडी आणि सिलिंडर माझ्याकडून. तो खर्च एस्टिमेटमध्ये ‘इतर’ या ओळीत जातो. त्यावर आजवर कुणी प्रश्न विचारलेला नाही.